अमेरिकेचा स्टिकर आणि टिळकांची सही

सह्या जमवणारी आपल्या भागातली मंडळी हल्ली फोन करून एकच विचारतात, "ही सही अमेरिकेला पाठवून सर्टिफिकेट करून घेऊ काय?" प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहितो. जरा लांबेल.

पीएसए, जेएसए, बेकेट ही सही खरी की खोटी ते सांगणाऱ्या अमेरिकन धंद्यातली मोठी नावं. तुम्ही वस्तू पाठवायची, पैसे भरायचे. त्यांचा तज्ज्ञ ती सही आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून बघतो आणि पटली तर नंबर असलेला स्टिकर आणि पत्र देतो. त्या पत्राची भाषा नीट वाचा: ते मत असतं. सही करताना तो तज्ज्ञ तिथे नव्हता. त्याने फक्त अक्षर बघितलंय, तेही आपल्या फायलीतल्या अक्षराशेजारी ठेवून.

अमेरिकेतच याहून वेगळी पद्धत आहे. मेजर लीग बेसबॉल या तिथल्या बेसबॉलच्या मोठ्या संघटनेने २००१ पासून साक्षीदार ठेवले. बहुतेक जण आजी-माजी पोलीस. सही त्यांच्यासमोर होते आणि होलोग्राम तिथल्या तिथे लागतो. दोन्हीकडे शेवटी स्टिकरच, पण फरक आपल्या रत्नागिरी-देवगडवाल्यांना समजवायला नको. कलमाखालीच फळाला कोड लावणं वेगळं आणि वाशीच्या मार्केटात पेटी उघडून, वास घेऊन "हापूसच आहे हो" म्हणणं वेगळं. वास घेणारा कितीही जाणकार असो, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीतून खपतोच.

हे स्टिकर-सर्टिफिकेटचं प्रस्थ वाढलं, त्यामागे बनावटगिरीच होती. नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाने तपास केला, तेव्हा खोट्या सह्यांचा कारखानाच सापडला. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते! आणि महत्त्वाचं म्हणजे असल्या मालासोबत सर्टिफिकेटंही असायची. कागद छापायला काय लागतं?

पण माझा खरा आक्षेप नमुन्यांवर आहे. १९८३ साली जर्मनीत हिटलरच्या डायऱ्या म्हणून जे प्रकरण गाजलं, त्यात हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर खरं ठरवलं होतं. पुढे कळलं की ताडून बघायला दिलेल्या नमुन्यांतही त्याच बनावट करणाऱ्याचे, कुयाउचे, कागद होते. चोराची सही चोराच्याच सहीशी जुळली, त्यात नवल ते काय! भांडं फोडलं ते कागदाच्या रासायनिक तपासणीने. त्यात युद्धानंतर वापरात आलेली द्रव्यं निघाली.

आता सांगा, टिळकांच्या देवनागरी सहीचे किंवा मोडीतल्या एखाद्या सहीचे खात्रीचे नमुने अमेरिकेतल्या बेसबॉल आणि हॉलिवूडवाल्या टेबलावर किती असणार? ब्रॅडमनचं ठीक आहे. तो माणूस आयुष्यभर चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत राहिला, त्याच्या सह्या ढिगाने आहेत. तिथे त्यांचं मत मी मानेन. आजच्या क्रिकेटपटूची बॅट परदेशी लिलावात विकायची असेल तर स्टिकर घ्याच, त्याशिवाय गिऱ्हाईक उभं राहत नाही. तो विक्रीचा खर्च समजा. घरात ठेवायच्या वस्तूवर डॉलरमधली फी, कुरिअर, विमा आणि परत येताना कस्टमची कटकट कशाला?

शिवाय एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं-कागदपत्रं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतात. खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे आजोबांच्या पेटीत निघालेलं टिळकांचं पत्र "चेक करायला" कुरिअर करणं हाच गुन्हा ठरू शकतो. आपल्याकडे सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ आहेत. पण ते कोर्टकज्ज्यांसाठी, तुमच्या-माझ्या अल्बमसाठी नव्हे.

मालवणकडच्या माझ्या एका मावसभावाने टिळकांची 'सही' असलेला फोटो आणला होता. सोबत विकणाऱ्याचंच सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. "अरे, स्टिकर आसा मां त्याच्यार!" हे त्याचं पालुपद. भिंग लावून, उजेड आडवा पाडून बघितलं. रेघेच्या मधोमध बारीक चर, वळणावर शाईचा गोळा आणि लगेच पुढे कोरडा पांढरा पट्टा. सरळसरळ बॉलपेन. टिळक गेले १९२० साली, अमेरिकेच्या दुकानांत बॉलपेन आलं १९४५ला! यासाठी कोणता तज्ज्ञ लागतो? दहा रुपयांचं भिंग आणि शाळेतला इतिहास पुरे.

मी स्वतः आधी वस्तूचा प्रवास विचारतो. कुणाला मिळाली, कुठे, मग कुणाकडे गेली. पोस्टकार्ड असेल तर माझा जीव हरखतो, कारण तारीख-गावाचा शिक्का, पत्ता, मजकूर आणि सही एकाच तुकड्यावर असतात, आणि शिक्का मारणाऱ्या पोस्टातल्या माणसाचा त्यात काडीचा स्वार्थ नसतो. स्वाक्षऱ्यांची जुनी वही तर त्याहून बरी. गांधीजी हरिजन निधीसाठी पाच रुपये घेऊन सही देत. तशी सही वहीत असेल तर मागची-पुढची पानं बघा: त्याच सुमाराची, त्याच गावातल्या सभेला आलेली माणसं आहेत का? म्हणूनच पान फाडून फ्रेम करू नका, बाकीची पानं हीच तुमची साक्ष. (फ्रेमवाला फाडाच म्हणणार, त्याचा धंदा आहे.)

आणि हात जोडून सांगतो, पावसाळ्यात बुरशी लागते म्हणून सही लॅमिनेट करू नका. आपल्याकडे ही खोड घरोघरी आहे. प्लास्टिक एकदा चिकटलं की शाई कागदात मुरलीय की वर बसलीय, हे भिंगातून धड दिसत नाही, आणि ते सोडवायला गेलं तर अक्षर सोबत येतं. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घाला, सिलिका जेलची पुडी ठेवा, डबा जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नका, आणि श्रावणात ऊन पडलं की उघडून एकदा नजर टाका. पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कुणी दिली, कधी, कुठे.

कुणाकडे अशा जुन्या वह्या असतील तर फोटो टाका. एकेक पान मिळून बघूया.