रेडिएटरची टाकी आणि क्लच स्लेव्ह आधी बघा

हा प्रतिसाद एका प्रवासलेखावर आहे: 1990 ची माझदा मियाटा (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) घेऊन रूट 66 या अमेरिकेतल्या जुन्या हायवेने शिकागो ते लॉस एंजलिस, असा बेत त्यात आहे. ऑइल आणि टायरबद्दल छान लिहिलंय, पण कूलिंग (इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा) सुटलंय, आणि या गाड्या रस्त्यात अडकतात त्या बहुतेक तिथेच.

बॉनेट उघडून रेडिएटरची वरची प्लॅस्टिक टाकी बघा. नवी असताना ती काळी असते. हिरवट-तपकिरी झाली असेल तर प्लॅस्टिक ठिसूळ झालंय, कधीही तडकेल. दुरुस्तीत पैसे घालू नका, रेडिएटरच बदला. सोबत थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सांभाळणारा व्हॉल्व्ह), रेडिएटरची कॅप आणि सगळे होज (रबरी नळ्या) बदला. इंजिनामागचे हीटरचे दोन होज हाताला लागत नाहीत म्हणून राहून जातात. अ‍ॅरिझोनात ओटमनकडे जाणारा सिटग्रीव्ह्ज घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर आणि पंखा फुल्ल, म्हणजे इंजिनाची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. कॅप मात्र गरम असताना उघडू नका.

दुसरं दुखणं क्लच स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर. गिअरबॉक्सच्या बाजूला त्याचं रबरी बूट थोडं मागे सारा. आत ओल दिसली की सील गेलंय. नवा सिलिंडर आणि ब्रेक फ्लुइडची बाटली डिकीत असू द्या. तो बदलल्यावर क्लचच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा इंजिनाचा पट्टा) दर 60,000 मैलांना बदला. तो तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाहीत, पण मोहावी वाळवंटात गाडी उभी राहील ती राहीलच. बॅटरी डिकीत असते, म्हणून वायू बाहेर सोडणारी व्हेंट नळीवाली किंवा एजीएम (सीलबंद प्रकारची) बॅटरीच घ्या.