दोन फूट चिमटा

आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, सायकल मी कापली. हे वाक्य आमच्या घरात अद्याप कोणी इतक्या स्पष्टपणे उच्चारलेले नाही. अण्णांच्या लेखी ती 'दुरुस्तीला' आहे, पत्नीच्या लेखी ती 'खाली पसरलेली' आहे आणि मी स्वतः गेले पाच महिने 'जरा काम चालू आहे' यापलीकडे गेलेलो नाही. १९७१ साली घेतलेली, २८ इंची चाकांची, सळ्यांच्या ब्रेकची ती काळी सायकल दामटत अण्णांनी नोकरीची सगळी वर्षे पुण्यात डेक्कन ते कॅम्प अशी काढली, मी तिच्याच आडव्या नळीखालून पाय घालून सायकल शिकलो, आणि नंतरची वीस वर्षे ती जिन्याखाली वाहनकराचे जुने बिल्ले मिरवीत उभी होती. "मी ती नीट करून घेतो," असे मी म्हणालो, तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता "ब्रेकचे रबर बघ" एवढेच सांगितले. मी ब्रेकचे रबर बघितले नाही. मी ब्रेकच काढून टाकला.

माझ्या मनात चॉपर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी आपल्या जड मोटारसायकलींचे मडगार्ड वगैरे अनावश्यक भाग छाटून टाकायला सुरुवात केली आणि त्या छाटण्यावरून पुढे चॉपर हे नाव रूढ झाले. छाटून झाल्यावर हातांना चैन पडेना, म्हणून की काय, मंडळींनी पुढचे चाक धरणारा चिमटा लांबवला आणि हँडल आभाळाकडे नेले. ते रूप मग मुलांच्या सायकलींत उतरले. स्विन कंपनीने १९६३ मध्ये अमेरिकेत 'स्टिंग-रे' काढली आणि नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने १९७० मध्ये इंग्लंडातल्या पोरांपुढे पुढे १६ इंची, मागे २० इंची चाक असलेली 'चॉपर' ठेवली. तिचा गिअर बदलण्याचा दांडा मोटारीसारखा बैठकीच्या पुढ्यात, मधल्या नळीवर बसवलेला होता. ब्रेक मारताना बसणारा माणूस कोणत्या दिशेने घसरतो हे लक्षात घेतले, तर त्या देशातील एका संपूर्ण पिढीच्या सोशिकतेविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. ही सायकल मी आयुष्यात फक्त चित्रात पाहिलेली आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर काही लोक ट्रेकिंग सुरू करतात, काही गाणे शिकतात. मी एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊन हॅक्सॉची चौकट आणि एक बोथट कानस घेऊन आलो.

चिमटा कापणे हे पुस्तकी दृष्टीने सोपे काम आहे. दोन पायांना खडूने खुणा करायच्या आणि करवत चालवायची. प्रत्यक्षात शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरलेली ती जुनी नळी करवतीच्या प्रत्येक हेलपाट्याला असा काही आर्त आवाज काढत होती, की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून वाकून "कुणाला लागलंय का?" असे विचारले. दुसरा पाय कापून झाला तेव्हा खाली अण्णा उभे होते. त्यांनी जमिनीवर पडलेले चिमट्याचे दोन वाकडे शेंडे उचलले, उलटेपालटे करून पाहिले, "हे ब्रेकचे रबर नव्हे," असे शांतपणे म्हटले आणि ते शेंडे घेऊन ते लिफ्टने वर निघून गेले.

उरलेल्या खुंटांना मी दोन फूट लांबीच्या दोन सरळ, इंचाच्या नळ्या जोडायच्या ठरवल्या होत्या. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याला मी बेत सांगितला. त्याने नळी नखाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "काका, ही नळी आहे का पापड?" माझा त्यावर विश्वास बसला नाही, म्हणून त्याने खिडकीच्या गजांना वापरतो तीच वेल्डिंगची कांडी एका वाया गेलेल्या तुकड्याला क्षणभर टेकवली, लखलखाट झाला, फुर्र असा आवाज आला, आणि तो तुकडा माझ्या हातात परत आला तेव्हा त्यातून मला त्याच्या दुकानातला गणपतीचा फोटो आरपार दिसत होता. सव्वा मिलिमीटर जाडीच्या नळीवर गेटाची कांडी चालत नाही. तिच्या आत घट्ट बसणारी दुसरी नळी घालावी लागते आणि गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून सांधा भरावा लागतो, जसा तो मूळच्या सायकलीत कारखान्यात भरलेला असतो. हे काम नाना पेठेतल्या एका वृद्ध कारागिराने केले. वितळलेले पितळ फटीत आपणहून शिरते, पाणी टिपकागदात शिरावे तसे. ते पाहताना मला पहिल्यांदा वाटले की आपण काहीतरी घडवतो आहोत. पैसे देताना त्याने "हिच्यावर मुलगा बसणार की तुम्ही?" असे विचारले आणि माझ्या उत्तरानंतर सांध्यावर न मागता आणखी थोडे पितळ चढवले.

हँडलची कथा याहून वाईट आहे. खांद्याच्या उंचीचे हँडल बाजारात मिळाले नाही, म्हणून ते वाकवायचे ठरले. नळी नुसती वाकवली तर वळणावर चेपते. म्हणून तिच्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या मारायच्या आणि तापवून वाकवायची, हे मला ग्रिलवाल्याने समजावून सांगितले होते. वाळू कोरडी हवी, हेही त्याने सांगितले होते, असे तो आता म्हणतो. मी शेजारच्या बांधकामावरून आणलेली वाळू हाताला कोरडी लागत होती. तिच्या पोटात ओल होती हे मला नळी लाल होऊ लागल्यावर कळले. पाण्याची वाफ झाली की तिला जागा लागते आणि कोंडून ठेवली तर ती जागा स्वतः करून घेते. गुट्टी बंदुकीसारखा आवाज करून उडाली, पार्किंग ओलांडून गेली आणि आमच्या सोसायटीच्या खजिनदारांच्या तुळशीच्या कुंडीत मध्यभागी रुतली. कुंडी फुटली नाही, तुळसही शाबूत राहिली, परंतु खजिनदारांच्या मनात माझ्या सायकलीविषयी जी नोंद झाली ती त्या क्षणी झाली. दुसऱ्या खेपेला मी वाळू आधी कढईत भाजून घेतली. कोणत्या कढईत, हा तपशील येथे देणे श्रेयस्कर नाही.

अखेरीस एका पहाटे, कोणी पाहणार नाही अशा बेताने, मी सायकल नदीपात्रातल्या रस्त्यावर ढकलत नेली. मागे अण्णांचे २८ इंची चाक, पुढे मुलाच्या जुन्या सायकलीचे २० इंची चाक, मध्ये तो लांबलचक चिमटा आणि वर दोन्ही हात उंचावून धरायचे हँडल. बसल्यावर माझी मुद्रा दोरीवर चादर वाळत घालणाऱ्या माणसासारखी होते, हे मला फिरायला आलेल्या एका आजोबांनी थांबून सांगितले. मी पायडल मारले. हँडल सावकाश, भारदस्तपणे, डावीकडे कलले आणि तिथेच राहिले. मी ते ओढून सरळ केले, तर ते तितक्याच सावकाशीने उजवीकडे कलले. एखादा आळशी बैल गोठ्याकडे वळावा तसे ते चाक प्रत्येक वेळी कडेला वळत होते आणि मी दोन्ही हात वर करून त्याच्याशी झगडत होतो. पंचवीस पावलांच्या अंतरात मी दोनदा झुडपात गेलो.

कारण घरी येऊन कागदावर मांडले तेव्हा समजले. साध्या सायकलीचा चिमटा जमिनीशी साधारण ६८ अंशांचा कोन करतो आणि त्याचे खालचे शेंडे पुढे वाकवलेले असतात. चिमट्याची कललेली रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्या जागेच्या सुमारे ६ सेंटिमीटर पुढे पडते. या थोड्याशा अंतरामुळे चाक दुकानातल्या ढकलगाडीच्या चाकासारखे मागे मागे येत राहते आणि सायकल सरळ चालते. मी चिमटा दोन फूट वाढवल्याबरोबर सायकलीचा पुढचा भाग वर उचलला गेला, कोन पन्नास अंशांच्या आसपास आला, आणि नळ्या सरळ ठेवल्यामुळे ते ६ सेंटिमीटरांचे अंतर २२ झाले. एवढ्या कललेल्या चिमट्यात चाक वळले की सायकलीचा पुढचा भाग किंचित खाली बसतो. जड वस्तूला खाली बसायला आवडते, म्हणून ती चाकाला वळवतच ठेवते. थोडक्यात, मी काही हजार रुपये खर्च करून आपणहून पडणारी सायकल तयार केली होती. उपाय एकच होता: चिमट्याचे शेंडे पुन्हा पुढे वाकवलेले हवेत. आणि ते शेंडे मी कापून टाकले होते.

"अण्णा," मी चहाच्या वेळी विषय काढला, "ते तुकडे तुम्ही कुठे टाकलेत?"

अण्णा उठले, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून चिवड्याचा रिकामा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तेल लावलेले दोन्ही शेंडे होते आणि त्यांच्याबरोबर ब्रेकची चार नवीन रबरे.

शेंडे पुन्हा पितळाने जोडले, तेव्हा ते अंतर १२-१३ सेंटिमीटरांवर आले आणि सायकल, वेग असेल तर, माणसासारखी चालू लागली. हळू चालवणे मात्र अजूनही जमत नाही. शिवाय सगळा सांगाडा मागे कलल्यामुळे बैठक नेमकी मागच्या चाकाच्या आसावर आली आहे, ही गोष्ट मला सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावर कळली. तेथे मी जोर लावला आणि पुढचे चाक जमिनीवरून उचलले जाऊन माझ्या डोळ्यांसमोर आले. मी सायकलीवर होतो, सायकल मागच्या चाकावर होती आणि समोर पहारेकरी उभा राहून सवयीने सलाम करीत होता. त्या दिवसापासून उतार मी पायी चढतो.

मागील महिन्यात खजिनदारांनी टेप आणून सायकल मोजली. ती पावणेसात फूट भरली. "सायकलींना पार्किंग फुकट आहे, हे मला मान्य आहे," ते म्हणाले, "परंतु शेजारची स्कूटर सहा फुटांची आहे आणि ती पैसे भरते." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून मी पन्नास रुपये भरले. पावतीवर वाहनाच्या प्रकारापुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात 'सायकल (लांब)' असे लिहिले. ती पावती मी अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, खाली आले, आणि मागच्या मडगार्डवर, १९७०च्या दशकातल्या बिल्ल्यांच्या ओळीत मोकळी राहिलेली जागा बोटाने दाखवून म्हणाले, "इथे चिकटव. आणि पुढच्या वर्षीची जागा सोडून."