धडकेनंतर गाडी अजून डावीकडेच ओढतेय!

विम्याचा क्लेम पास झाला, गॅरेजच्या बिलावर ‘काम पूर्ण’ असा शिक्काही बसला. पण गाडी अजून डावीकडेच ओढते! ८०च्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतं. नवाकोरा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झालाय, बाहेरच्या खाचा मात्र शाबूत. लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) किंवा सबफ्रेम (तो ज्यावर बसतो ती खालची चौकट) वाकलीय का, हे बघायला नको? गॅरेजवाले दर वेळी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करतात आणि चावी हातात ठेवतात. म्हणे, ‘साहेब, रस्ताच तसा आहे.’ अहो, मग बाकीच्या गाड्या सरळ कशा जातात? झीरो डेप (घसारा न कापणारं विमा कव्हर) नव्हतं, म्हणून प्लॅस्टिकच्या पार्ट्सचा ५० टक्के घसारा माझ्याच खिशातून गेला. बंपर चकाचक केला, आणि ज्याच्यावर जीव अवलंबून ते तसंच! मागे माझी मुलं बसतात हो. गाडी लिफ्टवर घ्या, माझ्यासमोर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) मोजा, वाकलेला पार्ट बदला.