माइयाच्या थडग्यातला सिंह तुतनखामेनचा नव्हे

समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरतोय: इजिप्तमधल्या सक्काऱ्याला राजा तुतनखामेनच्या दाईच्या, माइयाच्या, थडग्यात त्याचा पाळीव सिंह सापडला, थडगं ज्याचं, आतलं सगळं त्याच्याच काळाचं, वेगळं काही मिळालं तर ते चोरांचं काम, शंका असेल तर कार्बन चाचणी करा.

सिंह खरा आहे. आलँ झिव्ही यांच्या फ्रेंच पथकाला 1996 मध्ये माइयाचं थडगं सापडलं आणि 2001 मध्ये त्यातच सिंहाचा सांगाडा. पण माइया इ.स.पू. चौदाव्या शतकातली. तिच्यानंतर कित्येक शतकांनी मांजररूपी बास्तेत देवीच्या भक्तांनी सक्काऱ्याच्या कड्यात खोदलेली जुनी थडगी मांजरांच्या ममींनी भरली, आणि सिंह त्या मांजरांमध्येच पडला होता. दात झिजलेले, जनावर म्हातारं. म्हणजे माणसांनी सांभाळलेला असणार, एवढं त्या मजकुरात बरोबर आहे. सांभाळणारा तुतनखामेन मात्र नव्हे.

दफनासाठी खोदलेल्या खोल विवरातला भराव एकाच वेळचा क्वचितच असतो. वाऱ्याने आलेल्या स्वच्छ वाळूचा थर म्हणजे विवर उघडं पडून होतं. खापऱ्या, हाडं, चुनखडीचे तुकडे यांची सरमिसळ म्हणजे कुणीतरी उपसून परत लोटलेलं. म्हणून थर एकेक काढायचा, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, माती चाळायची. थरातली सर्वांत नवी खापरी सांगते की थर तिच्याआधी पडलेला नाही. मात्र कडेची वाळू ढासळून एखादी खापरी खाली घसरते, तेव्हा एकटीवर भिस्त नको. हाडं मिसळलेली असतील तर डाव्या मांडीची हाडं मोजतात. माणसं किमान तेवढी.

चोर होतेच. पण चोर माल नेतात, ममी रचून ठेवत नाहीत.

राहिली कार्बन चाचणी, म्हणजे नमुन्यात किरणोत्सारी कार्बन किती उरला त्यावरून वय काढणं. शवपेटीचं लाकूड जुन्या पेटीतून काढलेलं असू शकतं. मग तारीख झाडाची मिळते, दफनाची नाही. ममीला लावलेलं खनिज डांबर नमुन्यात राहिलं तर वय फुगतं, कारण त्यात किरणोत्सारी कार्बन उरलेलाच नसतो. मोठी अडचण निराळीच: साधारण इ.स.पू. 800 ते 400 या काळात उरलेल्या कार्बनवरून वर्ष ठरवायचा आलेख जवळजवळ सपाट आहे. सक्काऱ्यात जुन्या थडग्यांचा पुनर्वापर जोरात होता तो 26 व्या राजवंशाचा काळ (इ.स.पू. 664–525) नेमका त्यातच येतो. तिथे दोनेकशे वर्षांच्या अंतराची दोन कापडं प्रयोगशाळेला सारखीच दिसू शकतात. शवपेटीची घडण आणि खापऱ्या बहुधा जास्त नेमकं सांगतात.