अडुळशाच्या पाच पानांनी टीबी जात नाही

पावसाळी खोकला सुरू झाला की अडुळशाचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: रोज पाच पानांचा काढा मध घालून घ्या, खोकलाच काय, टीबीही पळेल, औषध कंपन्यांनी हे गुपित दडवून ठेवलंय, नैसर्गिक असल्यामुळे गरोदर बाईला, तान्ह्या बाळालाही बिनधास्त द्या. पुराव्यादाखल खाली एक संस्कृत श्लोक.

आधी गुपिताचं बघू, कारण तेच सगळ्यात गमतीचं आहे. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि 1960च्या दशकापासून ते बाजारात आहे. ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते अँब्रोक्सॉल. कफ सुटायला म्हणून दिलेल्या सिरपच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, या दोघांपैकी एक नाव बऱ्याचदा सापडेल. दडवायचंच होतं तर लेबलवर कशाला छापलं असतं?

म्हणजे चिकट कफाच्या खोकल्यावर अडुळसा, यात आजीचं काही चुकत नव्हतं. पण तिची रीत पाच पानं खुडून उकळण्याइतकी सोपी नसायची. अडुळशाचं पान नुसतं पिळून फारसा रस देत नाही. म्हणून पुटपाक करतात: पानं कुटून गोळा करायचा, तो वडाच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि गरम असतानाच पिळायचा. रस इतका कडू की शेळीही या झाडाला सहसा तोंड लावत नाही. कुंपणाला अडुळसा लावतात तो त्यामुळेच.

आता टीबी. ‘वासायां विद्यमानायाम्’ हा श्लोक खरा आहे. अडुळसा हाताशी असताना रक्तपित्ताच्या (म्हणजे शरीरातून रक्त पडण्याच्या), क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने हताश का व्हावं, असं तो विचारतो. पण तो लिहिणाऱ्यासमोर लक्षणं होती, जंतू नव्हता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो 1882 साली. काढ्याने कफ सुटेल, जरा बरं वाटेल, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो: बरं वाटतंय म्हणून तपासणी लांबते आणि तेवढ्यात घरातल्या इतरांना लागण होऊ शकते. साध्या टीबीलाही किमान सहा महिने औषधं घ्यावी लागतात. ती मधेच सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला किंवा थुंकीतून रक्त आलं, तर थुंकी तपासून घ्यायची. काढा चालू असला तरी.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे तर सरळ घातक आहे. तेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. गरोदरपणात अडुळसा टाळा असं वैद्यही सांगतात, आणि मेसेज नेमका उलटा सल्ला देतो.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत अडुळशापर्यंत जायचीही गरज नाही. काढ्यातला मधच एक वर्षाखालच्या मुलाला द्यायचा नसतो. त्यात बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्याशा आतड्यात ते वाढून विष तयार करतात.