‘विद्यार्थी तुमच्या कुत्र्यावर हात साफ करतात’: त्या फॉरवर्डला उत्तर

प्राणी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं सांगणं असं: पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कुत्रं-मांजर नेऊ नका, तिथे विद्यार्थी तुमच्या जनावरावर हात साफ करतात, ही मुलं पाच वर्षं गाई-म्हशीच शिकतात, शिकायला मिळावं म्हणून उगाच तपासण्या लावतात, इंटर्नला प्राण्याला हात लावायचा कायद्याने अधिकारच नाही, आणि शिकायचंच असेल तर आता मॉडेलं आणि व्हिडिओ आहेत की. मी शहरात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतो आणि माझ्याकडेही इंटर्न येतात, म्हणजे मी काही तटस्थ पंच नाही. तरी एकेक मुद्दा घेतो.

गाई-म्हशींचा मुद्दा अर्धा खरा आहे. पशुवैद्यक होण्यासाठीची बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी एकच. कुत्र्या-मांजरांची वेगळी पदवी आपल्याकडे नाही. पहिल्या वर्षी शरीररचना शिकवतात तेव्हा आधार बैलाचा असतो आणि घोडा, कुत्रा, कोंबडी त्याच्याशी ताडून शिकवतात. पण गाडी तिथेच थांबत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 2016 च्या मानकांनुसार अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र या सगळ्यांत कुत्रा-मांजर येतंच. मांजराचं यकृत पॅरासिटामॉल नीट पचवू शकत नाही, एक गोळीसुद्धा जिवावर बेतते, हे कुठल्याही इंटर्नला झोपेतून उठवून विचारा. मांजर पाळणाऱ्या पालकांना विचारून बघा, किती जणांना ठाऊक असतं ते. आणि मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाबद्दल तर हा आरोप हास्यास्पद आहे. 1886 साली सुरू झालेलं हे कॉलेज बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या आवारात वाढलं. मुंबईत गोठे उरले किती आणि कुत्री किती, हे सांगायला पशुवैद्यक लागत नाही.

आता ‘हात साफ करतात’. फॉरवर्डचा सगळा जोर याच वाक्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

विद्यार्थी आला आणि सुरी हातात घेतली, असं कुठेच होत नाही. आधी त्याला मिळतं ते धरायचं काम: चावू नये म्हणून तोंडाला मझल बांधणं, कुत्रं टेबलावर आडवं ठेवणं, पुढच्या पायाची शीर फुगवून धरणं. मग तापमान, हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून सोडल्यावर ती दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते का ते. मग कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी. शस्त्रक्रियेत आधी नुसतं बघणं, मग हात धुऊन सहायक म्हणून उभं राहणं, शेवटी त्वचेचे टाके. नराची नसबंदी त्यानंतर, आणि मादीची त्याच्याही नंतर. कारण मादीची नसबंदी दिसते तेवढी सोपी नाही. उजवं अंडाशय डाव्यापेक्षा पुढे, खोलवर असतं. ते धरून ठेवणारा बंध ताणून सैल केल्याशिवाय जखमेपर्यंत येत नाही. तिथल्या रक्तवाहिनीवरची गाठ सैल राहिली तर पोटातल्या पोटात रक्त जातं आणि बाहेर काही दिसत नाही. म्हणून ते टोक पोटात सोडण्याआधी सर किंवा मॅडम गाठ स्वतः बघतात. चांगल्या विभागात हा नियम कोणासाठी मोडत नाहीत.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एक गोष्ट दिसलेली नाही. कॉलेजमध्ये एका विद्यार्थ्याला फक्त भूल सांभाळायला बसवता येतं. दर पाच मिनिटांनी हृदयाचे ठोके, श्वास, तापमान, डोळ्याची स्थिती, जबड्याचा सैलपणा, सगळं कागदावर. खाजगी दवाखान्यात डॉक्टर आणि एक मदतनीस, तोही मधूनच फोन घेणार. पग किंवा शिट्झूसारखं बसक्या नाकाचं कुत्रं असेल तर श्वासाची नळी काढल्यानंतरचा अर्धा तासच जास्त धोक्याचा, आणि तेव्हा डोक्याशी कोणीतरी बसलेलं हवं. माझं कुत्रं असतं तर मी तो विद्यार्थी मागून घेतला असता.

अनुभवी डॉक्टरच हवा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण तो अनुभव त्याने मिळवायचा कुठे? कॉलेजच्या ओपीडीत कुत्री यायची थांबली, तर इंटर्नशिप संपवलेला मुलगा आपली पहिली मादी तुमच्या कॉलनीतल्या दवाखान्यात उघडेल. तेव्हा मागे सर नसतील, शेजारच्या टेबलावर दुसरा सर्जन नसेल. फॉरवर्डला जी भीती वाटते तिला तो स्वतःच जागा करून देतोय.

खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती फॉरवर्डमध्ये नाही. एका टेबलाभोवती दहा डोकी, त्यात कात्री एकाच्या हातात. बाकीचे खांद्यावरून बघतात आणि वहीत सही घेतात. मुलांचा हात सगळ्यात कमी बसतो तो शस्त्रक्रियेत. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची केंद्रं ही इथली सगळ्यात मोठी संधी आहे. वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस या संस्थेची ऊटीजवळ आणि गोव्यात प्रशिक्षण केंद्रं आहेत, तिथे पशुवैद्यकांना हेच काम देखरेखीखाली करायला मिळतं. आपल्या महाविद्यालयांनी जवळच्या महापालिकेशी असा पक्का करार का करू नये, हे मला समजत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला मात्र भूल, वेदनाशामक आणि टाक्यांची काळजी घरच्या कुत्र्याइतकीच मिळाली पाहिजे. त्याच्या मागे पालक नाही म्हणून चालढकल केली, तर फॉरवर्डवाल्याचा आरोप तिथे खरा ठरेल.

कायद्याचं थोडक्यात. 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा नोंदणीकृत पशुवैद्यकालाच स्वतंत्रपणे व्यवसाय करू देतो. इंटर्न स्वतंत्र व्यवसाय करत नाही. तो नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो, आणि ते एक वर्ष अभ्यासक्रमाचाच भाग आहे. चिठ्ठीवर सही कोणाची आहे ते बघा. ऑपरेशन कोण करणार, टेबलापाशी कोण उभं असेल, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘विद्यार्थ्याने करू नये’ असंही सांगता येतं. तेवढं तोंड उघडा, पाठ फिरवू नका.

तपासण्यांबद्दल. ताप, फिकट हिरड्या, अंगावर गोचीड अशा कुत्र्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं ‘उगाच’ नसतं. बॅबेसिया आणि एर्लिकिया या दोन्ही गोचीड तापांची औषधं वेगळी आहेत. छातीचा एक्स-रे दोन बाजूंनी काढतात कारण एका चित्रात लपलेली गाठ दुसऱ्यात दिसते. भूल देण्याआधी वयस्क कुत्र्याचं क्रिएटिनिन बघतात ते मूत्रपिंडासाठी. काही वेळा शिकवण्याच्या नादात एखादी तपासणी जास्त होते, हे मी नाकारणार नाही. अशा वेळी विचारा, ‘याने उपचार बदलणार आहे का?’ विद्यार्थ्यालाही हा प्रश्न कोणीतरी विचारलेला बराच असतो.

मॉडेलं आणि व्हिडिओ हवेच आहेत. गाठ मारायला फोमचा तुकडा पुरतो, सिलिकॉनच्या पायावर शीर शोधायची सवय होते, आणि ही सवय झाल्याशिवाय कोणालाही जिवंत प्राण्याजवळ येऊ देऊ नये. पण सिलिकॉन चावत नाही. लठ्ठ लॅब्रॅडॉरच्या पोटातली चरबी बोटांत कशी निसटते, हे व्हिडिओत कळत नाही. आणि सगळ्यात कठीण शिकणं तर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, पालकाशी बोलण्यात असतं. ‘दोन दिवस खात नाही, उलट्या करते, पाणी मात्र खूप पिते’ एवढंच आपल्या कुत्रीबद्दल सांगणाऱ्या बाईंना ‘शेवटची माजावर कधी आली होती?’ असं विचारायचं सुचलं पाहिजे. उत्तर ‘झाला असेल महिना-दीड महिना’ असं आलं, की गर्भाशयात पू झाल्याचा संशय सगळ्यात आधी घ्यायचा आणि कुत्रीला सोनोग्राफीला न्यायचं.

म्हणून कॉलेजच्या दवाखान्यात जाल तेव्हा लसीकरणाचं कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन जा, सकाळ मोकळी ठेवा. इंटर्न आधी सगळं विचारेल, मग सर येऊन तेच पुन्हा विचारतील. वैतागू नका. शेजारच्या काकांनी परवा कुत्र्याला मटणाची हाडं घातली होती, हे बहुतेकांना दुसऱ्यांदा विचारल्यावरच आठवतं.