रात्री शू लागली तर?

काल आमच्या हिवाळी शिबिराची पालकसभा झाली. जानेवारीत आठ ते बारा वयाची मुलं भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीला एक रात्र तंबूत राहणार आहेत. त्यातली निम्मी तरी आईबाबांशिवाय पहिल्यांदाच झोपतील. पालकांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. थंडी किती असेल? रेंज येते का? जॅकेट कुठलं घेऊ? मुलं तेवढ्या वेळात खुर्च्यांमधून पळापळी करत असतात आणि जाता जाता त्यांतलं एखादं माझ्या कानाशी येऊन विचारतं, "ताई, रात्री शू लागली तर?"

एवढ्या वर्षांच्या शिबिरांनंतर मला हाच प्रश्न सभेतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाला त्याचं उत्तर मिळत नाही, ते दुपारपासून पाणी पीत नाही. मध्यरात्री पोटाशी पाय घेऊन टक्क जागं पडून राहतं आणि सकाळी सांगतं, थंडीमुळे झोप नाही लागली. घरचे मग आणखी जाड जॅकेट आणतात!

थंडीचं आधी सांगून टाकते. भंडारदऱ्याच्या त्या पट्ट्यात जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जाऊ शकतो. धरणाच्या काठावरचा तंबू फोटोत झकास दिसतो, पण डोंगरावरची गार हवा रात्री उतरून खोलगट जागीच साचते आणि पाण्याजवळ दवही भरपूर पडतं. म्हणून आम्ही काठ सोडून जरा वर, बांधाच्या आडोशाला तंबू लावतो. एवढी थंडी सोसण्यासारखी असते. अट एकच, मूल कोरडं हवं आणि त्याच्या खाली काहीतरी जाड हवं.

ही "खाली"ची गोष्ट पटवताना माझा घसा बसतो. मुलाच्या अंगावर तीन पांघरुणं, आणि खाली? प्लॅस्टिकची चटई. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेत असते. स्लीपिंग बॅग कितीही महाग असली तरी अंगाखालचा तिचा कापूस दबून चपटा होतो, मग त्याचा काय उपयोग? कॅरीमॅट, म्हणजे फोमची गुंडाळायची चटई द्या, आणि तिच्यावर आजीची जुनी गोधडी. पांघरायला नाही, अंथरायला!

दुसरी खोड म्हणजे जीन्स. ओली झाली की दिवसभर वाळत नाही. एका वर्षी एक मुलगी रात्री हुडहुडी भरून कुडकुडत होती. मी तिच्यावर दोन ब्लँकेटं टाकली, आलं घालून गरम दूध दिलं, तरी दात वाजायचे थांबेनात. मग हात लावून पाहिलं तर जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. संध्याकाळी ओढ्यात खेळली होती आणि आम्ही कुणी पाहिलंच नाही. कोरडा पायजमा घातला आणि पंधरा मिनिटांत ती झोपली. चूक माझी होती. तेव्हापासून उन्हं उतरायच्या आधी सगळ्यांचे कपडे बदलायचे असा नियम केलाय, घामाचे टीशर्ट आणि पायमोजेसुद्धा. अंधार पडल्यावर गारठ्यात कपडे काढायला कुठलंच मूल तयार होत नाही. झोपायचे मोजे वेगळ्या पिशवीत द्या आणि एकच जोड द्या. दोन जोड घट्ट बसले की पाय उलट जास्त गार पडतात.

एका बाबांनी सुचवलं, तंबूत छोटी शेगडी ठेवू या. नाही. अजिबात नाही. बंद जागेत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपेत माणसाला काही कळायच्या आत तो जीव घेतो. शेकोटी बाहेर, तीही झोपण्याआधी विझवलेली.

बाकी यादी घरातच सापडते. कानटोपी, दोन-तीन पातळ स्वेटर (एका जाड कोटापेक्षा बरे, गरम झालं तर एक काढता येतो), टॉर्च, डिंकाचे नाहीतर तिळाचे लाडू. आमच्या मुलांचं सामान बघून गावातली पोरं गालात हसतात. त्यांच्या अंगात शाळेचा एकुलता एक स्वेटर असतो. अर्थात ती चुलीच्या उबेला घरात झोपतात, हेही खरं.

आता तयारीचं. माझं मत बऱ्याच आयांना आवडत नाही, तरी लिहिते. बॅग मुलाने भरायची. तुम्ही शेजारी बसा, वाचून दाखवा, पण हात लावू नका. आईने सुबक घड्या घालून भरलेल्या बॅगेत मुलाला कानटोपी सापडत नाही आणि अंधारात ते अख्खी बॅग तंबूभर उलटी करतं.

आणि आधीच्या शनिवारी एक रात्र गच्चीवर काढा. गच्ची नसेल तर बाल्कनी, तीही नसेल तर हॉलमध्ये खिडक्या उघड्या टाकून फरशीवर. त्याच गोधडीवर, त्याच मोज्यांत. मध्यरात्री उठवा आणि म्हणा, दिवा लावायचा नाही, टॉर्च शोध, चपला घाल, बाथरूमला जाऊन ये. दोनदा जमलं की त्या कानातल्या प्रश्नाचं उत्तर मुलाचं मुलालाच मिळतं. बारा वाजता ते रडत घरात आलं तर येऊ द्या, पुढच्या शनिवारी परत बघू. अंथरूण ओलं होण्याची सवय असेल तर मला एकटीला सांगा. जादा पायजमा माझ्या बॅगेत राहील, कुणाला कळणार नाही. दमा असेल तर पंप मुलाच्या बॅगेत नाही, माझ्या हातात द्या. ताप असेल तर पाठवूच नका.

फोन मुलांकडे नसतो. रात्री दहाला आईचा आवाज ऐकला की तोवर मजेत असलेलं मूलही रडतं, हे मी फार वेळा पाहिलंय. आणि कृपा करून आठवडाभर "तुला थंडी वाजेल हं" म्हणत फिरू नका.

गेल्या वर्षी कानाशी येऊन विचारणारा एक नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याच्या बाबांनी गच्चीवरचा प्रयोग खरंच केला होता, तीनदा. रतनवाडीत रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली ती चेन उघडल्याच्या आवाजाने. हा कानटोपी घालून, टॉर्च घेऊन तंबूतंबूपाशी वाकून विचारत होता, "मी शूला चाललोय, अजून कुणाला यायचंय का?"

चौघं निघाली त्याच्या मागे.